क्लास बघायचा तर पेपरच्या दुसऱ्या दिवशी

पत्र : मुलगी सेमी इंग्रजीतून दहावी झाली, ९१ टक्के मिळाले. विज्ञानात ९४, गणितात ७८. डॉक्टर व्हायचंच म्हणते. आमचं गाव सावद्याजवळ, तीन एकर केळी. जळगावला मोठ्या नावाच्या एका क्लासची शाखा आहे. दोन वर्षांची फी तीन लाख, पण स्कॉलरशिप परीक्षेत तिला ४० टक्के सूट बसली, म्हणजे १ लाख ८० हजार. सूट रविवारपर्यंतच आहे आणि पैसे एकदम भरायचे आहेत. कॉलेजला रोज जायची गरज नाही म्हणतात. होस्टेल-मेस महिना साडेआठ हजार. दुसरीकडे भुसावळला तीन शिक्षकांचा क्लास आहे, ४५ मुलं, वर्षाला ७० हजार, त्यात जीएसटी धरलेला. भाचा म्हणतो मोबाइलवरचा ६ हजारांचा कोर्स पुरे. दीर म्हणतात राजस्थानात कोटा शहराला धाडा, नाहीतर बऱ्हाणपूरला अकरावी-बारावी करू द्या, जवळ पडतं. आम्ही ओबीसी. काय करावं? आणि नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर मराठीतून द्यावा की इंग्रजीतून? – एक आई, रावेर तालुका

ताई, आधी ती रविवारची मुदत डोक्यातून काढा. जूनमध्ये बॅच भरेपर्यंत असे रविवार दर आठवड्याला येतात. स्कॉलरशिप परीक्षा म्हणजे बहुतेक ठिकाणी भाव ठरवायची रीत असते. तीन लाख हा छापील आकडा, १ लाख ८० हजार हा खरा. तिच्याच वर्गातल्या, तिच्याहून कमी टक्के असलेल्या दोन मुलींना किती सूट मिळाली ते विचारा, म्हणजे उलगडा होईल. आणि त्या १ लाख ८० हजारांत जीएसटी धरलाय का, तेही लगेच विचारा. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३२,४०० रुपये वर. झाले २,१२,४००. होस्टेल-मेस वर्षाला दहा महिने धरले तरी दोन वर्षांचे १ लाख ७० हजार. एकूण बेरीज ३,८२,४००. भुसावळचे दोन वर्षांचे १ लाख ४० हजार. तुलना करायची ती या दोन आकड्यांची.

आता दिरांचं म्हणणं. बऱ्हाणपूर कोट्यापेक्षा जवळ आहे हे खरं, पण ते मध्य प्रदेशात, तिथे बारावी करू नका. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या सरकारी जागांपैकी ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरतात आणि त्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बारावी मध्य प्रदेशात केली की हा दरवाजा बंद. तिकडच्या राज्य कोट्यात तिकडचा अधिवास मागतात, तो तुमच्याकडे नाही. उरतो तो देशभराचा १५ टक्क्यांचा कोटा, जिथे सगळा देश रांगेत उभा असतो. नंदुरबार-नवापूरकडची मुलं सुरतला जातात, त्यांनाही हेच लागू. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आपली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं उभी आहेत, आणि बऱ्हाणपूरसाठी तिथल्याच जागांवर पाणी सोडायचं, याला काही अर्थ नाही.

कोट्याला जाऊन बारावीचा फॉर्म इथल्या कॉलेजातून भरायचा, असाही एक मार्ग सांगितला जातो. म्हणजे कॉलेज फक्त कागदावर. बोर्डाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते, प्रात्यक्षिकं लागतात. हजेरी तपासली गेली तर क्लासवाले हात वर करतात, भोगतं पोर. शिवाय सोळा वर्षांची मुलगी एकदम हजार मुलांच्या गर्दीत. ज्यांना तिथे फायदा होतो ती बहुतेक आधीच वरच्या बॅचमध्ये बसणारी मुलं असतात. तुमच्या मुलीचं गणित ७८ आहे. तिला पहिले सहा महिने कुणीतरी शेजारी बसून वेक्टर, लॉगरिदम आणि त्रिकोणमिती पक्की करून घ्यायला हवी. ते कोट्यात होणार नाही.

जळगावच्या क्लासने 'कॉलेजला रोज जायची गरज नाही' म्हटलंय, तेही याच जातीचं. कॉलेजशी साटंलोटं असलेल्या अशा कोर्सला इंटिग्रेटेड म्हणतात. त्यात आणखी एक गोम आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात. त्यामुळे 'आमच्याकडे नाव घातलं की कॉलेजचा प्रवेश झालाच' असं कुणी सांगत असेल, तर ती जागा त्याच्या हातातली नाही. ती पसंतीक्रमातून आणि गुणांवरूनच लागणार. उलट क्लासच्या सांगण्यावरून त्यांचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि ते लागलं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून आधी कॉलेज ठरवा, जिथे प्रयोगशाळा खरोखर उघडी असते असं, आणि क्लासची फी त्यानंतर.

फ्लेक्सवरच्या फोटोंचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण जळगावच्या चौकात उभं राहिलं की तेच दिसतं. 'आमचे २१० विद्यार्थी नीट पात्र' याला शून्य किंमत द्या. २०२५ ला खुल्या वर्गात ७२० पैकी १४४ गुणांवर आणि ओबीसीसाठी ११३ वर माणूस पात्र ठरत होता. पात्र होणं आणि जागा मिळणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'आमच्याकडे ६५० च्या वर' हाही आकडा एकटा ऐकू नका, कोणत्या वर्षीचा ते विचारा. २०२४ च्या अंतिम निकालात ७२० पैकी ७२० घेणारे १७ जण होते. २०२५ ला फिजिक्स इतकं अवघड निघालं की देशात पहिला आलेल्याला ६८६ होते. म्हणून गुण विचारायचे नाहीत, ऑल इंडिया रँक विचारायची.

आणि विचारायचा खरा प्रश्न हा : मागच्या वर्षी तुमच्या दोन वर्षांच्या वर्गातल्या बॅचमधून किती मुलं नीटला बसली, आणि त्यातल्या किती जणांना सरकारी एमबीबीएस लागलं? किती बसली हा आकडा सांगितल्याशिवाय किती लागली हा ऐकूच नका. तीनशेतून आठ आणि चाळीसातून चार, यात बॅनरवर आठचा क्लास मोठा दिसतो. त्या आठांपैकी कितीजण फक्त टेस्ट सिरीजला होते, कितीजण रिपीटर होते, तेही विचारा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम केलेत. यशस्वी मुलाचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी आणि त्याने कोणता कोर्स केला होता ते जाहिरातीत लिहायला हवं. कुठे लिहिलेलं दिसतंय का, बघा एकदा.

मोठ्या क्लासमध्ये एक गोष्ट सर्रास असते, ती त्यांच्या माणसाच्या तोंडून वदवून घ्या. पहिल्या दोन महिन्यांच्या चाचण्यांनंतर मुलांची विभागणी होते. वरची बॅच वेगळी काढतात आणि नावाजलेले शिक्षक तिकडे जातात. खालच्या बॅचला वर्षात तीन-तीनदा फिजिक्सचा शिक्षक बदलतो. फी मात्र सारखीच. म्हणून विचारा : मुलगी वरच्या बॅचला गेली नाही तर तिला फिजिक्स कोण शिकवेल? नाव सांगा. ते गृहस्थ इथे किती वर्षं आहेत? डेमो लेक्चरला नेहमी त्यांचा हुकमी एक्का उभा करतात, त्यावरून काहीच ठरवू नका.

मग ठरवायचं कशावरून? आमच्या मते एकाच गोष्टीवरून, आणि ती बघायला जावं लागतं. क्लासमध्ये रविवारी पेपर होतो. सोमवारी जा. डेमोला नको, साध्या बॅचमध्ये मागच्या बाकावर तिला दोन तास बसू द्या, तुम्ही बाहेर बसा. रविवारच्या पेपरचं सोमवारी काय होतं, यावर क्लासची सगळी पत आहे. शिकवणं आता यूट्यूबवर फुकट मिळतं, आणि उत्तमातलं मिळतं. नीटला लागणारी पुस्तकं केंद्राच्या एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, जुने पेपर फुकट आहेत. जे फुकट मिळत नाही ते म्हणजे तुमच्या पोरीचा पेपर हातात घेऊन, कुठे आणि का चुकलं हे तिला सांगणारा माणूस. पैसे मोजायचे ते त्या माणसाचे.

हे जरा उलगडून सांगतो. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायॉलॉजी ९०. बरोबरला ४, चुकीला वजा १. समजा एका मुलीने १७२ सोडवले, १२८ बरोबर आले, ४४ चुकले. ५१२ वजा ४४, हाती ४६८. बहुतेक क्लासमध्ये सोमवारी हा आकडा फळ्याशेजारी चिकटवतात, रँक सांगतात, पालकांच्या मोबाइलवर मेसेज जातो आणि पुढचा धडा सुरू होतो. पालकही तो मेसेज बघून रागावतात. यातून मुलगी काय शिकली? काहीच नाही.

आता त्याच ४४ चुका एकेक करून बघा. एक प्रश्न होता, k स्थिरांकाच्या स्प्रिंगचे दोन समान तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा स्थिरांक किती? तिने k/2 लिहिलं. उत्तर 2k, कारण लांबी निम्मी झाली की स्प्रिंग ताठ होते. ही संकल्पनेची चूक, पुन्हा शिकवावी लागणार. दुसऱ्या प्रश्नात सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, पण ५ सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले. ही सवयीची चूक. तिसऱ्यात 'अयोग्य विधान ओळखा' होतं आणि तिने योग्य विधान ओळखलं. बायॉलॉजीत हे फार होतं. चौथ्यात कच्च्या कामात उत्तर ३ आहे, ओएमआरवर, म्हणजे उत्तरांच्या कागदावर, गोळा २ चा काळा केलाय. पाचव्यात तो धडाच तिने वाचला नव्हता, ठोकून दिलं. पाच चुका, पाच वेगळी कारणं, आणि प्रत्येकीवर उपाय वेगळा. ४४ पैकी समजा १४ चुका वाचनातल्या, एककाच्या आणि गोळ्यांच्या निघाल्या. एक चूक बरोबरमध्ये बदलली की ४ मिळतात आणि गेलेला १ परत येतो, म्हणजे ५ गुण. १४ पंचे ७०. तीच मुलगी ४६८ वरून ५३८ वर जाते, एकही नवा धडा न शिकता.

हे काम करणारा क्लास लगेच ओळखू येतो. मुलांकडे चुकांची वेगळी वही असते आणि त्या वहीवर शिक्षकाची सही-तारीख असते. एखाद्या मुलाला 'तुझी वही दाखव रे' म्हणा. वही नसेल, किंवा असली तरी जुलैनंतर कोरी असेल, तर काय ते समजून घ्या. दुसरी खूण म्हणजे शंकांचा तास. 'डाऊट काऊंटर दिवसभर उघडा' असं माहितीपत्रकात असतं. प्रत्यक्षात तिथे बसतो कोण? शिकवणारे सर, की मागच्या वर्षी नीट देऊन राहिलेला मुलगा? रांगेत किती जण असतात? गावाकडून आलेली मुलगी तीस जणांच्या रांगेत उभी राहून 'मला टॉर्क कळलं नाही' असं विचारत नाही, ती गप्प राहते आणि डिसेंबरमध्ये घरी सांगते की जमत नाहीये. ४५ मुलांच्या वर्गात सरांना निदान चेहरा ओळखू येतो.

चाचणी कशावर घेतात तेही बघा. ॲपवर टिक करून पेपर घेणाऱ्यांकडे हाताला गोळे काळे करायची सवयच लागत नाही. नीट कागदावर होते, ओएमआर बॉलपेनने भरायची, खोडायला मुभा नाही. शेवटी सगळे गोळे एकदम भरू म्हणणारी मुलं शेवटच्या दहा मिनिटांत घामाघूम होतात आणि एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं. पाच-सहा प्रश्न झाले की तेवढे गोळे भरायचे, ही रीत अकरावीपासून लागायला हवी. आणि पूर्ण पेपर सकाळी गारव्यात घेत असतील तर शेवटच्या दोन महिन्यांत तरी दुपारी २ ते ५ घ्यायला सांगा. परीक्षा मेमध्ये, त्याच वेळात असते, दीडला गेट बंद होतं. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. भुसावळला ४४-४५ अंश असताना पत्र्याखालच्या हॉलमध्ये तीन तास बसून फिजिक्स सोडवणं ही वेगळी विद्या आहे. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हेही खुशाल विचारा. लाजू नका.

अभ्यासक्रमाच्या क्रमाबद्दल एक प्रश्न हमखास विचारा, कारण यावर बाहेरून आलेले क्लास अडखळतात. 'रोटेशनल मोशन तुम्ही केव्हा शिकवता?' एनसीईआरटीत ते अकरावीला आहे. सध्याच्या बालभारतीच्या पुस्तकांत ते बारावीचा पहिला धडा आहे. थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, फ्लुइड्स यांचंही तेच, एनसीईआरटीत अकरावी, आपल्याकडे बारावी. उलट इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमीकंडक्टरची सुरुवात आपल्याकडे अकरावीतच होते. बायॉलॉजीत श्वसन आणि रक्ताभिसरण आपल्या बारावीत, एनसीईआरटीच्या अकरावीत. कोट्याहून छापून आलेलं वेळापत्रक जसंच्या तसं चालवणारा क्लास असेल, तर मुलगी क्लासमध्ये एक शिकते आणि कॉलेजात तिची चाचणी दुसऱ्यावर असते. नोव्हेंबरपर्यंत ती दोन्हीकडे मागे पडते. राज्य मंडळाची मुलं सांभाळणाऱ्या क्लासकडे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून केलेलं धड्यांचं कोष्टक असतं. ते दाखवा म्हणा. 'आम्ही सगळं कव्हर करतो' हे उत्तर चालणार नाही.

हा क्रम आणखी एका कारणासाठी लागतो. नीटच्या जोडीला राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेचा पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजीचा, गट द्यायचाच. तो बालभारतीवर असतो, ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. २०० प्रश्न, २०० गुण, चुकीला वजा नाही. फार्मसी आणि कृषीचे दरवाजे त्यातून उघडतात. क्लासवाले 'सीईटीकडे लक्ष देऊ नका' म्हणत असतील, तर त्यांचं ऐकू नका. नुकसान तुमचं आहे, त्यांचं नाही.

वेळापत्रकात आणखी एकच तारीख बघा : बारावीचा सगळा अभ्यासक्रम कधी संपतो? डिसेंबरअखेर संपायला हवा. जानेवारी-फेब्रुवारी प्रात्यक्षिकं आणि बोर्ड खातं. मार्च-एप्रिल हे दोन महिने पूर्ण पेपरांचे, आठवड्याला तीन, आणि प्रत्येक पेपरानंतर एक अख्खा दिवस चुकांचा. फेब्रुवारीत धडे शिकवत बसलेल्या क्लासची मुलं एप्रिलमध्ये नुसतीच धावतात.

पैशांबद्दल. दोन वर्षांचे एकदम भरू नका, कितीही सूट असो. एकदा पैसे गेले की मुलगी त्यांच्यासाठी नुसता रोल नंबर. वर्षाचे हप्ते पाडून मागा. केळीचे पैसे तुम्हाला कापणीप्रमाणे येतात, तसे तीन हप्ते सांगा. छोटे क्लास ऐकतात. मोठ्या क्लासचे लोक म्हणतील, बिनव्याजी ईएमआय करून देतो. तो कागद नीट वाचा. बहुतेक वेळा ते वित्त कंपनीचं कर्ज असतं, तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर. क्लासला पैसे पहिल्याच दिवशी पोचतात. मुलीने ऑक्टोबरमध्ये सोडलं तरी हप्ता खात्यातून जातच राहतो आणि क्लास म्हणतो तुमचं तुम्ही बघा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, होस्टेल-मेसचीसुद्धा, आणि कोर्स चालू असताना फी वाढवू नये. या सूचनांचा कागद दाखवून 'परताव्याचं कलम पावतीवर लिहून द्या' म्हणा. जो लिहून देतो त्याच्याशी पुढे बोला. पावती क्लासच्या नावाची, जीएसटी क्रमांकासह. कोऱ्या कागदावरची नको. पुढे तंटा झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही पहिली मागणी पावतीचीच होते.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोबाइलवरचा कोर्स वाईट नसतो. ज्याला रोज ठरल्या वेळी बसायची सवय आहे आणि फिजिक्सची भीती नाही, त्याला तेवढं आणि एक चांगली टेस्ट सिरीज पुरते. पण तुम्ही ओबीसी आहात, तर ६ हजार तरी का घालवा? महाज्योती संस्था ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विज्ञान शाखेच्या मुलांना जेईई-नीट-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते, टॅब आणि इंटरनेट डेटासह. अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात. त्या वर्षीची जाहिरात वाचा, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र तयार ठेवा. त्याशिवाय आयआयटी कानपूरच्या मदतीने चालणारं 'साथी' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ सगळ्यांना मोफत आहे. क्लास लावला तरी हे दोन्ही जोडीला राहू द्या. क्लासमध्ये बुडालेला तास रात्री तिथे बघता येतो.

तर आमचं मत. भुसावळ. पण अटी घालून. सोमवारी जाऊन चुकांची वही बघा. तिघांपैकी फिजिक्सचे सर मध्येच गेले तर दुसरा कोण, हे विचारा. छोट्या क्लासचा खरा धोका तोच असतो, एक माणूस आजारी पडला की विषय बसला. त्यांचे पेपर ते स्वतः काढतात की बाहेरून घेतात, तेही बघा. स्वतःच काढत असतील तर बारावीच्या डिसेंबरपासून बाहेरची एक टेस्ट सिरीज वेगळी लावा. ४५ जणांत पहिलं येणं म्हणजे काय ते बाहेरच्या पेपरातच कळतं. कॉलेज फैजपूर-सावदा भागातलं किंवा भुसावळचंच घ्या. सावद्याहून भुसावळ एसटीने तासाभरात होतं. रोजचे दोन तास प्रवासात जातील, त्यातला जाण्याचा तास एनसीईआरटी बायॉलॉजी वाचायला ठेवायचा, येताना झोपू द्या तिला. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास असतो, कॉलेजातून फॉर्म मिळतो. शेवटच्या सहा महिन्यांत प्रवास झेपेना झाला तर भुसावळलाच खोली बघा. आत्तापासून होस्टेलचे दोन वर्षांचे पैसे बांधून ठेवू नका.

जळगावचा क्लास तेव्हाच, जेव्हा भुसावळच्या फिजिक्सबद्दल तुमचं मन खात्री देत नसेल, आणि जळगाववाले साध्या बॅचच्या शिक्षकाचं नाव, वर्षाची फी आणि परताव्याचं कलम तिन्ही लिहून देत असतील. एकही राहिलं तर परत या.

एक काम क्लासच्या आधीचं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका, कॉलेजच्या शिफारशीसह. बारावीनंतर जून-जुलैत समितीच्या दारात गर्दी उसळते, जुन्या नोंदी मागतात, आजोबांच्या शाळेचा दाखला मागतात, आणि चांगले गुण असलेली मुलं कागदावाचून राखीव जागेला मुकतात. खापर-पणजोबांची नोंद शोधायला दोन वर्षं हाताशी असली की धावपळ होत नाही.

राहिला पेपरच्या भाषेचा प्रश्न. फॉर्ममध्ये मराठी निवडली तर प्रश्नपत्रिका द्विभाषिक मिळते, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी. मराठीच्या भाषांतरात काही शंका असेल तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. तुमची मुलगी सेमीची आहे, विज्ञान आणि गणित इंग्रजीतूनच झालंय, आणि अकरावीपासून सगळ्या संज्ञा इंग्रजीत कानावर पडणार. तिने इंग्रजीच घ्यावी. मराठीतून वाचायला गेली तर 'जडत्व आघूर्ण' म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया हे आठवण्यात अर्धं मिनिट जाईल. मात्र क्लासमध्ये समजावणं मराठीतून हवं. भुसावळच्या सोमवारी हेही ऐकून या : सर फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि तोंडाने मराठीत सांगतात, की दोन्ही इंग्रजीतच.